धाकटीची फुंकणी

४ जानेवारी

आज आरोग्य केंद्रात चिठ्ठ्या काढल्या. धाकटीची निघाली, माझी नाही.

दम्याच्या माणसांसाठी तिथे नवा वर्ग सुरू होतोय, सहा महिन्यांचा. ठरलेल्या दिवशी जायचं, सिस्टर शिकवणार, औषधं नीट लावून देणार, मधूनमधून फोनवर चौकशी करणार. नावं खूप आली म्हणून निम्म्यांना आता घेतलं, निम्म्यांना सहा महिन्यांनी घेणार. डॉक्टरबाईंनी समजावलं, की वर्गाला जाणारे आणि न जाणारे यांची तुलना करायची आहे, वर्गाचा खरंच उपयोग होतो का ते कळायला. "तुमची नेहमीची औषधं चालू ठेवा, त्रास झाला तर लगेच या. तुम्ही काही मागे राहिलेला नाहीत," असं त्या आमच्याकडे बघून म्हणाल्या. आम्ही सगळे 'नंतर'वाले भिंतीकडेच्या बाकावर तोंडं पाडून बसलो होतो.

घरात दम्याच्या आम्ही दोघीच, सख्ख्या जावा. आमच्या बेकरीत सून व्हायचं तर आधी खोकता आलं पाहिजे, असं भाऊजी गमतीने म्हणतात. पण या घरात मी आधी आले आणि मी आधी खोकले. धाकटी आली तेव्हा तिला पीठ कसं चाळायचं तेही माहीत नव्हतं, ते मी शिकवलं. दमा तिचा तिने आणला असेल, पण त्यातही मीच सीनियर.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "ताई, माझ्या जागी तुम्ही जाल का? मी सिस्टरना विचारलंसुद्धा. अदलाबदल चालत नाही म्हणाल्या."

चालत नाही म्हणाल्या ना, मग मला सांगायचं कशाला? फुकटचा मोठेपणा. मी म्हटलं, "मला कुणाचं उष्टं नको." मग दोघी खिडकीबाहेर बघत आलो.

आता लिहिताना एक गोष्ट लक्षात आली. आम्ही 'नंतर'वाले जसेच्या तसे राहिलो, तरच त्यांच्या वर्गाचं नाव होणार. म्हणजे मी खोकत राहावं अशी व्यवस्था आहे. बघू या.

९ जानेवारी

धाकटी पहिल्या वर्गाहून पिशवी भरून सामान घेऊन आली, माहेराहून आल्यासारखी.

एक प्लास्टिकचा पोकळ फुगीर नळा आहे. त्याच्या एका टोकाला औषधाचा पंप लावायचा आणि दुसऱ्या टोकाने श्वास घ्यायचा. एक रंगीत कागद आहे, त्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे. आणि एक छोटी नळी आहे, तिच्यात जोरात फुंकायचं. फुंकलं की बाजूचा लाल काटा वर सरकतो आणि तिथेच थांबतो. जितका वर, तितकी छाती मोकळी.

"म्हणजे फुंकणी," मी म्हटलं. हे हसले, भाऊजी हसले. धाकटीही हसली. तिने चिडायला हवं होतं.

तिने तो रंगीत कागद फ्रिजवर लावला. भट्टीमागच्या आमच्या छोट्या स्वयंपाकघरात, जिथे चहाला सगळे येतात, तिथे. स्वतःच्या खोलीत भिंती नाहीत का? पण मग दिसणार कुणाला?

१५ जानेवारी

तिचं रोज सकाळी चालतं ते लिहून ठेवते, नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही.

मी चहा टाकायला येते त्याच वेळेला ही येते. पंप हातात घेते आणि रेडिओवर पाककृती सांगावी तशी मोठ्याने बोलू लागते. "आधी पंप हलवायचा. मग ताठ बसायचं. मग सगळा श्वास बाहेर सोडायचा. नळा ओठांत घट्ट धरायचा. आता दाबायचं, आणि सावकाश, सावकाश आत ओढायचं. घाईने ओढलं की औषध घशालाच चिकटतं. आता धरून ठेवायचं." मग गप्प बसते, डोळे मिटून. मग चूळ भरते.

"एवढं कुणाला सांगतेस?" मी विचारलं.

"पाठ होत नाही हो, ताई. मोठ्याने म्हटलं की लक्षात राहतं."

शाळेत कशी पास झाली असेल, देव जाणे. रोज तेच वाक्य, रोज मोठ्याने. आज पीठ मळताना माझ्याच तोंडून निघालं, "सावकाश, सावकाश आत ओढायचं". स्वतःचाच राग आला.

३० जानेवारी

सिस्टरचा फोन आला. मला! 'नंतर'वाल्यांनाही महिन्यातून एकदा प्रश्न विचारतात म्हणे. आवाज गोड आहे, तरुण असणार.

"गेल्या महिन्यात खोकल्यामुळे झोपमोड झाली का?"

"नाही."

"निळा पंप वारंवार लागला?"

"छे."

"जिना चढताना दम लागला?"

"मी तर धावत चढते."

"अरे वा," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या 'अरे वा'त जरा निराशा होती असं मला वाटलं, आणि फार बरं वाटलं.

इथे खरं लिहायला हरकत नाही. या आठवड्यात दोनदा मी भिंतीला उशी लावून बसून झोपले. यांनी पाठ चोळून दिली. निळा पंप ॲप्रनच्या खिशात असतो आणि तो संपत आलाय. पण ते माझं मी बघीन. वर्गाशिवायही माणूस बरा राहू शकतो, एवढं कळू दे त्यांना.

१२ फेब्रुवारी

धाकटी आज ब्रेडचा ट्रे डोक्यावर घेऊन जिना चढली आणि वर जाऊन गाणं म्हणत होती. गाणं! मागच्या वर्षी याच दिवसांत तिला दोन पायऱ्यांवर टेकावं लागायचं आणि मी तिला हाताला धरून न्यायचे.

तेव्हा तिला कितीदा धरून नेलं मी. तिचा हात थंड असायचा. त्या वेळी मनात कसलाही कडवटपणा नव्हता, हे मला पक्कं आठवतं.

जेवताना हे म्हणाले, "धाकटीचा चेहरा बघ कसा उजळलाय. त्या वर्गात काहीतरी आहे खरं."

"पावडर असेल," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही.

१७ फेब्रुवारी

दुपारी दुकान बंद असतं. हे झोपले होते, भाऊजी गाडी घेऊन पाव पोहोचवायला गेले होते. मी चहा करायला आले तर खिडकीत फुंकणी. ती नेहमी वर घेऊन जाते, आज विसरली.

मी फुंकून बघितली. कोणीही बघेल. घरात वजनकाटा आणला की सगळे उभे राहतातच.

चष्मा पुसून काटा पाहिला. मग फ्रिजवरच्या कागदाशी ताडून पाहिला. हिरवा पट्टा वर राहिला, पिवळाही वर राहिला. माझा काटा लाल पट्ट्यात होता.

अर्थात तो कागद तिचा आहे. तिच्या फुंकरीवर आखलेले पट्टे मला कसे लागू पडतील? मी तिच्यापेक्षा वीतभर उंच. उंच माणसाचा आकडा जास्त यायला हवा असं ती परवाच मोठ्याने म्हणत होती, पण म्हणून काय सगळं खरं? आणि फुंकायलाही सराव लागतो. ती रोज फुंकते, मी पहिल्यांदा.

पावलं वाजली. मी नळी थर्मामीटर झटकतात तशी दोनदा झटकली आणि होती तिथे ठेवून दिली.

१८ फेब्रुवारी

धाकटीने सकाळी फुंकणी उचलली, क्षणभर बघत राहिली, मग काही न बोलता फुंकली. नंतर म्हणाली, "ही आता मी इथेच ठेवणार खिडकीत. वर नेली की आणायला विसरते."

"ठेव की. तुझंच घर आहे."

मग फ्रिजकडे बघत एकदम म्हणाली, "आणि कालच्या वर्गात सिस्टर सांगत होत्या, तीनदा फुंकायचं, उभं राहून, आणि त्यातला सगळ्यात चांगला आकडा धरायचा." तिला अचानक काहीही सुचतं.

१ मार्च

मी रोज फुंकते. इथे कबूल करायला काय जातं. दुपारी, उभी राहून, तीनदा. आता सरावाचं कारण उरलेलं नाही. काटा अजून लालमध्येच आहे, फार तर पिवळ्याच्या उंबरठ्यावर.

तिचा कुठे जातो ते रोज सकाळी बघते. ती खिडकीकडे तोंड करून फुंकते आणि मी चहा गाळते. हिरवा. आज पुन्हा हिरवा.

लहानपणी माझ्या बहिणीला माझ्यापेक्षा मोठी भाकरी वाढली की माझी भूक जायची. तसंच काहीतरी आहे हे. एवढ्या वयात. तेही श्वासावरून. तिने जास्त घेतला म्हणून माझा कमी होतो असं थोडंच आहे? पण वाटतं तसंच.

११ मार्च

तपकिरी पंपाबद्दल आज प्रवचन झालं. भाऊजींना सांगत होती, म्हणजे भाऊजी पेपर वाचत होते आणि ही बोलत होती. "निळा फक्त अडचणीला. तो दार उघडतो, पण आतली सूज तशीच राहते. सूज उतरवतो तो तपकिरी. म्हणून तो रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. बरं वाटतं ते त्याच्यामुळेच वाटतं."

भाऊजी म्हणाले, "बरं बरं," आणि पान उलटलं.

माझ्याकडेही तपकिरी आहे. डॉक्टरांनी कधीच दिलाय. घेतला की लगेच काही फरक पडत नाही म्हणून कपाटात पडून आहे. आज काढला, तारीख बघितली. चालण्यासारखा आहे.

आता हिचं म्हणणं कितपत खरं, ते करून बघितल्याशिवाय खोटं कसं म्हणणार? तेवढ्यासाठी घेतला. हलवून, ताठ बसून, सावकाश. पूर्वी मी तो सरबत ओढल्यासारखा ओढायचे. मग चूळ भरली.

२ एप्रिल

सलग पाच-सहा दिवस आडवी झोपले. हे म्हणाले, "आजकाल खोकला नाही तुझा."

"हवा बदललीय," मी म्हटलं.

काटा पिवळ्याच्या मध्यावर. हवा बदललीय.

सिस्टरचा फोन येऊन गेला. म्हणाल्या, "तुमची तब्येत तर वर्गातल्या लोकांपेक्षाही छान दिसतेय!" या वेळी त्यांचा आवाज निराश नव्हता, आनंदीच होता. फोन ठेवल्यावर मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

१९ एप्रिल

आज भांडण झालं.

सकाळी पिठाच्या खोलीत गेले तर माझा झाडू गायब. त्या जागी ओली फडकी, बादली आणि तोंडाला लावायचे मास्क. भाऊजी पिठाचं पोतं अलगद कलंडवत होते, पोत्याचं तोंड पार परातीला टेकवून, बाळाला खाली ठेवावं तसं. खिडकीत नवा पंखा बसवलेला, हवा बाहेर फेकणारा. आणि यांनी सांगितलं, "आजपासून पोती आम्ही दोघं ओतणार. पीठ उडणं बरं नाही. तू मळायला ये, नाहीतर काही दिवस काउंटरवर बस. धाकटी म्हणत होती..."

धाकटी म्हणत होती!

ती खोली माझी आहे. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझं असं काही नव्हतं. त्या खोलीत मी मला मिळाले. पिठाला हात लावून मी सांगते आज पाणी किती लागेल. आणि स्वतः काउंटरवर बसणारी ही बाई मला उचलून तिथे बसवणार?

मी सरळ दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं ते जाईपर्यंतसुद्धा थांबले नाही.

"तुला वर्ग मिळाला, फुंकणी मिळाली, घरभर कौतुक मिळालं. आता माझी खोलीही हवी?"

"ताई, खोली नको हो मला. पीठ उडतं ते श्वासात जातं. वर्गात सांगितलं, बेकरीतल्या माणसांना..."

"तू कुठे पिठात असतेस? तू तर इथे चिल्लर मोजत असतेस! मग तुला कसली काळजी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला नाही."

"मग कुणाला?"

तिने गल्ल्याचं झाकण लावलं. डोळे भरले होते तिचे. गिऱ्हाईक पावाची पिशवी घट्ट धरून दाराकडे सरकलं.

मी म्हटलं, "चाळणी धरायला मी शिकवलं तुला. आता मला श्वास घ्यायला शिकवू नकोस."

वर आल्यावर तपकिरी पंप कपाटाच्या पार मागे ढकलला. फुंकणीला हात लावणार नाही. तिचं काहीही नको.

२७ एप्रिल

चार ओळीच. छाती जड आहे. धाकटी सकाळी हल्ली मोठ्याने बोलत नाही, गपचूप घेते. शांतता आहे. हवी होती तेवढी शांतता.

फुंकणी खिडकीतच आहे.

५ मे

हॉस्पिटलात आहे. परवा यांनी घरून चष्मा आणला, आज वही आणली. डोकं शांत आहे, हळूहळू लिहिते.

तीन तारखेला हे आणि भाऊजी भट्टीच्या कामासाठी बाहेर गेले होते. मी पिठाच्या खोलीत गेले. दार लावलं, पंखा बंद केला आणि पोतं माझं मी ओतलं, पूर्वीसारखं, खांद्यावरून. पांढरा ढग उठला. छान वाटलं, खरंच. मग दुसरं पोतं उचलायला वाकले आणि पुन्हा ताठ होता येईना.

श्वास आत जात होता, पण बाहेर निघत नव्हता. निळा पंप काढला, दाबला, तो रिकामा होता. हाक मारायला गेले तर शब्दच नाही. मग हाताला लागलं ते खाली पाडलं, पत्र्याचे ट्रे.

धाकटी धावत आली. तिने मला धरून दुकानात आणलं, दार लोटलं, खुर्चीत ताठ बसवलं. "आडवं नाही व्हायचं, ताई. पुढे झुका. हात मांडीवर." रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता सांगितला, एक शब्द वाया घालवला नाही. मग तिचा निळा पंप त्या फुगीर नळ्याला लावून माझ्या तोंडाशी धरला आणि सुरू झाली. तोच रेडिओचा आवाज.

"पंप हलवलाय मी. ओठांत घट्ट धरा. आता दाबते. सावकाश, सावकाश आत ओढायचं..."

पुढचं वाक्य तिच्या तोंडून यायच्या आधी मला येत होतं. 'आता धरून ठेवायचं.' धरता येत नव्हतं फारसं, पण काय धरायचं ते माहीत होतं. पुन्हा एक. पुन्हा एक. दोन श्वासांच्या मध्ये ती माझ्या पाठीवर हात ठेवून थांबायची आणि स्वतः मोठा श्वास सोडायची, मी ऐकून तसा सोडावा म्हणून. तिचा हात गरम होता.

रुग्णवाहिका आली तेव्हा मी बसलेली होते. "नळा वापरला ते फार बरं केलंत," तो ऑक्सिजन लावणारा माणूस तिला म्हणाला. तेव्हा कुठे ती रडली, भोकाड पसरून, लहान मुलासारखी.

६ मे

सिस्टर भेटायला आल्या. आवाज तरुण, पण केस पांढरे.

मी त्यांना फोनवरचं सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मी खोटं बोलले, दर वेळी. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, तुम्ही आमच्याशी शर्यत लावली होती होय? 'नंतर' म्हणजे वर्ग नंतर. उपचार नंतर असं कोण म्हणालं? त्रास झाला तर लगेच या, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं."

"मग?"

मी चादरीची घडी नीट केली.

त्या निघताना म्हणाल्या, "तुमची जाऊ मात्र हुशार. आणि प्रश्न किती विचारायची! उंच बाईचा आकडा किती असावा, पन्नाशीला आलेल्या माणसाचा किती, पिठात उभं राहणाऱ्यांनी काय करावं. मला वाटायचं, ही तर बुटकी, पस्तिशीची आणि काउंटरवरची. हिला काय करायचंय हे सगळं? एकदा तर विचारलं, समोरचं माणूस ऐकूनच घेत नसेल तर कसं शिकवायचं. मी म्हटलं, तुमचं तुम्ही करत राहा त्याच्यासमोर."

सिस्टर गेल्या. जानेवारीपासूनची एकेक सकाळ आठवली. मी चहा टाकायला यायचे त्याच वेळेला ती यायची. भाऊजींना कधी कसला उत्साह होता तपकिरी पंपाचा?

१० मे

घरी आले. डॉक्टरांनी औषधं नीट लावून दिलीत, तपकिरी रोज. माझा स्वतःचा रंगीत कागद मिळालाय, माझ्या उंचीचा आणि माझ्या फुंकरीचा. धाकटीने तो तिच्या कागदाशेजारी फ्रिजवर लावला. लावताना विचारलं, "इथे लावू का, ताई?" पहिल्यांदाच विचारून काहीतरी केलं तिने.

संध्याकाळी आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "तुला माहीत होतं. मी फुंकत होते ते."

ती भांडी पुसत होती. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. फुंकून झालं की मी काटा बोटाने खाली आणते. रोज. दुसऱ्या दिवशी तो मध्येच उभा. आणि नळीवर पिठाची बोटं."

"मी झटकली होती."

ती वळली. "झटकली?"

"थर्मामीटरसारखी."

ती हसायला लागली. फडकं तोंडावर धरून हसली, ओट्याला टेकून हसली. "ताई, ती झटकून नाही उतरत हो! मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम ठेवता, मला कळावं म्हणून!"

मीही हसले. खोकला आला, थांबला.

मग मी विचारलं, "एवढं माहीत होतं तर तोंडाने का नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकून घेतलं असतंत?"

तिने उत्तराची वाटही पाहिली नाही, पुढचं पातेलं घेतलं. थोड्या वेळाने तिकडेच बघत म्हणाली, "त्या दिवशी दुकानात बोलायला हवं होतं मी. तुम्ही विचारलंत, कुणाची काळजी. तेव्हा सांगायला हवं होतं. काटा वर-वर यायला लागला होता, आणि त्या दिवसानंतर यायचाच बंद झाला. रोज सकाळी बघायचे, काटा तळाशीच. मला वाटलं, रागावून तुम्ही..."

मी फडकं घेतलं आणि उरलेली भांडी पुसली.

८ जुलै

आज डॉक्टरबाईंनी दोन्ही गटांना एकत्र बोलावून निकाल सांगितला. वर्गवाल्यांची झोपमोड बरीच कमी झाली, अचानक हॉस्पिटल गाठायची वेळ कमी जणांवर आली आणि आपलं आपल्याला सांभाळता येतं असं त्यांना वाटू लागलं. फुंकणीचा आकडा मात्र सगळ्यांचा वाढला असं नाही. "जादू नाही ही," त्या म्हणाल्या, "रोजची सवय आहे." मग म्हणाल्या, एका बाईंची उत्तरं हिशोबात धरता आली नाहीत. सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या. धाकटीने मला कोपराने ढोसलं.

आता आमचा वर्ग सुरू झाला. सिस्टरने एकेकाला पंप घेऊन दाखवायला सांगितलं. बहुतेकांना ओरडा बसला. माझी पाळी आली. हलवला, ताठ बसले, श्वास सोडला, सावकाश आत ओढला, धरून ठेवला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझ्या जावेने," मी म्हटलं.

१२ जुलै

पिठाच्या खोलीत मी मळते, मास्क लावून, पंखा चालू. पोती हे आणि भाऊजी ओततात, आणि अजून सांडतात. ओल्या फडक्याने पुसायला मला आवडत नाही, पण पुसते.

मला वर्गातून माझी स्वतःची फुंकणी मिळाली. दोघींच्या आता खिडकीत शेजारी-शेजारी असतात. सिस्टरने बजावलंय, एकीची दुसरीने फुंकायची नाही.

तिचा काटा अजूनही माझ्यापेक्षा वर जातो. ती बुटकी असून. मला ते अजूनही आवडत नाही. सकाळी चहा गाळताना माझी नजर आधी तिच्या काट्यावर जाते, मग माझ्या. तिच्याही लक्षात येतं, आणि ती न बघितल्यासारखं करते.

आज दुपारी तीनदा फुंकले. हिरव्याच्या अगदी काठाला टेकलं, पहिल्यांदाच. नियम असा, की वाचून झालं की बोटाने काटा खाली आणून ठेवायचा. बोट लावलं होतं. मग काढून घेतलं.

काटा वरच ठेवलाय. सकाळी ती येईल तेव्हा तिला दिसेल.